तोफेच्या पुंगळीची फुलदाणी

पितळेची भांडी चिंच लावून लख्ख ठेवण्यातला आनंद आपणां भगिनींना मी काय सांगावा! पण पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) इंग्लंड, फ्रान्स, बेल्जम येथील कितीतरी घरांत ज्या पितळी फुलदाण्या दिवाणखान्यात मांडल्या गेल्या, त्या तोफांच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या.

तोफ उडाली की गोळा दूर जाऊन फुटतो आणि दारूची पितळी पुंगळी तोफेपाशीच पडते. फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेची पुंगळी ३५ सेंटिमीटर उंच. फुलदाणीला माप अगदी जमून येई! आपले सोनार दागिन्यात लाख भरतात ना, तसे आत शिसे किंवा डांबर भरायचे, म्हणजे ठोके मारताना पत्रा दबत नाही. मग छिन्नीने पानेफुले काढायची, 'व्हर्डन', 'ईप्र' अशी रणभूमीची नावे कोरायची. पुंगळ्या हा खरा सरकारी माल, कारखान्यात परत नेऊन पुन्हा भरण्याचा. तो लांबवणे गुन्हाच. तरी हे काम चालले.

याला 'खंदकातली कला' म्हणतात, पण शत्रूच्या तोंडावर बसून हातोडी कोण ठोकणार? बहुतेक कामे पिछाडीला झाली. सैन्यातील लोहार, जखमी शिपाई, युद्धकैदी हे कारागीर. मजुरीसाठी नेलेल्या चिनी लोकांनी तर पुंगळ्यांवर आपले ड्रॅगन कोरले.

अंगठ्यांची गोष्ट निराळी. जर्मन गोळ्यांच्या टोकांचे ॲल्युमिनियम वितळवून, कानशीने घासून फ्रेंच शिपाई त्या बायकांना, वाग्दत्त वधूंना धाडीत. म्हणजे अंगठी अंगावर आलेल्या गोळ्याची, आणि फुलदाणी आपण सोडलेल्या गोळ्याची. तो गोळा कुणा जर्मन आईच्या मुलावर पडला असेल. फुले मांडताना हे कुणाच्या मनात येत असेल का? जर्मन शिपाईही अशाच वस्तू करीत, तेव्हा तिकडेही हाच प्रश्न. मला तरी अशा फुलदाणीत फुले ठेववली नसती. पण ज्या घरी माणूस परतला नाही, तिथे दुसरे होते तरी काय?

युद्ध संपल्यावर विधवा आणि आया रणभूमीवर कबरी पाहायला जात. तिथले गावकरी त्यांना याच वस्तू विकत. त्यावर उद्ध्वस्त गावांची चूल पेटे. त्या फुलदाण्या बायकांनी वर्षानुवर्षे इतक्या घासल्या, की काहींवरची कोरलेली अक्षरे आता बोटानेच लागतात.