गावची पांढरी

रंगांच्या नावांत पांढरा हा शब्द सर्वांत निरुपद्रवी वाटतो. लाल म्हटले की राग, झेंडा, धोका अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. काळा तर बाजारापासून जादूपर्यंत सर्वत्र बदनाम आहे. त्या मानाने पांढरा बिचारा सोज्ज्वळ. परंतु मराठीत या शब्दाने जेवढी कामे केली आहेत तेवढी क्वचितच दुसऱ्या रंगाने केली असतील. आणि त्यांपैकी सर्वांत मोठे काम आपल्या नव्या पिढीच्या कानावरून पूर्णपणे गेलेले आहे. ते काम म्हणजे गावाला नाव देण्याचे. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही ऐतिहासिक लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. कारण मोहन नगरात आणि भिलाईच्या सेक्टरांत राहणाऱ्या आपणां सर्वांचा या शब्दाशी कागदोपत्री संबंध आहे. तो कसा, ते ओघाने येईलच.

संस्कृत पाण्डुर, प्राकृतात पंडुर आणि पंडर, त्यावरून मराठी पांढरा, अशी या शब्दाची वंशावळ आहे. पाण्डुर म्हणजे स्वच्छ शुभ्र नव्हे. किंचित पिवळट, फिकट, तेज उतरलेले असे. म्हणूनच रक्तहीन माणसाला पांडुरोग होतो, शुभ्ररोग होत नाही. धवल, शुभ्र आणि श्वेत हे शब्द मराठीने काव्यासाठी व मंगलकार्यासाठी राखून ठेवले. पांढरा मात्र घरकामाला लावला. चादर पांढरी, केस पांढरे, भीतीने डोळे पांढरे. लिहिण्याच्या उद्योगाला आपले वाडवडील पांढऱ्यावर काळे करणे म्हणत आणि आयुष्य सरल्याला काळ्याचे पांढरे होणे म्हणत. कचेरीत तीस-बत्तीस वर्षे घालविलेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन्ही व्यापार एकाच टेबलाशी पार पडतात, हा भाग निराळा.

या शब्दाची एक बाजू कठोरही आहे. पांढरे कपाळ आणि पांढरा पाय हे दोन वाक्प्रचार ज्या घरांत उच्चारले गेले, तेथील सुनांनी काय सोसले असेल याची कल्पनाच करावी. येथे एक बारकावा मात्र नोंदविण्यासारखा आहे. बंगालकडे विधवेचे वस्त्र पांढरे, म्हणून पांढरा हा तिकडे वैधव्याचा रंग झाला. आपल्याकडील ब्राह्मणादी घरांतून सोवळ्या विधवेच्या अंगावर असे ते तांबडे आलवण. पांढरे राहिले ते कुंकवावाचून कपाळ. एकाच दुःखाला दोन प्रांतांनी दोन वेगळ्या ठिकाणी रंग दिला. हे वाक्प्रचार आता मागे पडत आहेत, आणि भाषेचे त्यात काही नुकसान होत आहे असे मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग असत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची शेतजमीन. पांढरी म्हणजे घरे, देवळे, चावडी, वेस यांनी व्यापलेली राहती जागा. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथाच्या वाचकांना ही जोडी परिचित असेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही पांढरी आहे, आणि तेथे केवळ जागा एवढाच अर्थ नाही. त्या जागेवर नांदणारा समस्त लोक असाही आहे. जुन्या व्यवहारात गावकरी मिळून जो समुदाय होई त्यालाच पांढरी म्हणत. जमिनीच्या रंगावरून माणसांच्या समूहाला नाव पडावे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

शेतजमीन काळी का, हे दख्खनच्या माणसाला सांगावयास नको. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ती काळी माती. तिलाच काळी आई म्हटले. पण गावाची माती पांढरी का? गाव वसविताना कोणी पांढरी जमीन शोधून काढीत नसे. ती तेथे राहून राहून पांढरी होत असे. चुलीतली राख, शेणाचा सडा, भिंतींची माती, चुना, हाडे, गुरांच्या गोठ्यातले सारे काही शतकानुशतके एकाच ठिकाणी पडत राहते. घर पडते, त्याच ढिगावर नवे घर उठते. अशा रीतीने गावाखालची भूमी हळूहळू उंचावते आणि तिचा रंग करडा, फिकट, म्हणजे मूळ संस्कृत अर्थाने पाण्डुर होतो. तात्पर्य, पांढरी हा निसर्गाचा रंग नव्हे. तो वस्तीचा रंग आहे.

पुराणवस्तु-संशोधकांना हे फार उपयोगी पडले. नदीकाठच्या काळ्या रानात मध्येच एखादे पांढुरके टेकाड दिसले की तेथे कधीकाळी माणूस राहत होता हे ओळखावे, आणि शेतकऱ्यांना विचारले तर तेच सांगतात की ही जुनी पांढरी. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजातील त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या मागे नेला तो अशाच टेकाडांच्या साह्याने. १९५०-५१ साली प्रवराकाठच्या जोर्वे येथे उत्खनन झाले, १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे, आणि १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे. इनामगावची वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील. तेथील लोक कुडा-मातीच्या घरांत राहत, बार्ली पिकवीत, आणि मृत बालकांना दोन मडक्यांच्या कुपीत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरीत. आपल्या माणसांना वेशीबाहेर न नेता पायाखालच्या मातीतच ठेवणारी ती घरे पडली, त्यांची माती झाली, आणि तीच पुढे पांढरी झाली.

याच प्रवराकाठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादच्या टेकाडावर १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल हे एका झुडपाचे मूळ खणीत असता त्यांना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ हाकणारा पुरुष. चौघांचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक. त्यांचा काळ नेमका कोणता यावर पंडितांत मतभेद आहेत. पण पांढरीत काय दडलेले असू शकते, याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्रात नाही.

दुर्दैवाने हीच माती उपयोगाची असल्यामुळे तिच्यावर कुदळही पडत आली. खानदेश आणि मराठवाड्यात धाब्याच्या घरांच्या छतावर पांढऱ्या मातीचा थर देतात. पावसात ती दाटून बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. गढ्यांचे जाड तट याच मातीचे. शेतात खत म्हणूनही तिच्या गाड्या गेल्या. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे ग्रीक प्रवासवृत्तातले तगर. तेथील पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविल्या नसत्या, तर त्या कोठे गेल्या असत्या कोण जाणे! आज तेरला त्यांच्याच नावाचे सरकारी संग्रहालय आहे.

पांढरी आणि पंढरी या दोन नावांचा संबंध पुष्कळ जण जोडतात. तो मोहक आहे; परंतु जुन्या कानडी लेखांत त्या क्षेत्राचे नाव पंडरगे असे येते, आणि त्याच्या व्युत्पत्तीचा वाद संपलेला नाही. सावळ्या देवाला पांडुरंग का म्हणावे हा प्रश्नही त्यातच गुंतलेला आहे. तो विद्वानांवर सोपवून पुढे जाऊ.

पांढरीत घर आणि काळीत शेत ज्याच्याकडे वंशपरंपरेने असे तो मिरासदार. जो बाहेरून येऊन कसत असे, ज्याला गावच्या पंचायतीत बसण्याचा मान नसे, तो उपरी. दुष्काळाने वा स्वारीच्या धामधुमीने मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास एकदम बुडत नसे. कित्येक वर्षांनी त्याचा वारस परत आला आणि गोताने ओळख पटविली तर हक्क मान्य होई. कुळ अगदीच नाहीसे झाले तर जमिनीला गतकुळी म्हणत. तरीही थळझाड्याच्या कागदात ते थळ त्या जुन्या घराण्याच्याच नावाने लिहिले जाई. दुसरे लोक कसत, आणि नाव मात्र गेलेल्यांचे राही. घर सोडून दूर गेलेल्या मराठी माणसाने हा थळझाडा एकदा तरी वाचावा असे मला वाटते.

कोणी कोणी पांढरीतून बाहेर पडला तो पांढरपेशा होऊन. पेशा हा फारसी शब्द. अंगमेहनत न करणारा, लेखणीवर वा व्यापारावर जगणारा, म्हणून कपडे पांढरे राहणारा, तो पांढरपेशा. हा शब्द आज आपण सैलपणे मध्यमवर्गीय या अर्थाने वापरतो. एके काळी मात्र त्याला रोकड किंमत होती. कोकणातील खोती गावांत पांढरपेशी कुळे कुणबी कुळांपेक्षा कमी धारा देत, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांना ही सवलत मोठी डोकेदुखी होऊन बसली होती. कपड्याच्या रंगावरून धाऱ्याचा दर ठरणे हा काही आपल्या इतिहासातील अभिमानाचा भाग नव्हे. पण तो लपविण्याचेही कारण नाही.

पांढरपेशे लोक या छत्तीसगडात फार पूर्वी आले. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली गेले, आणि १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार करीत होते. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. त्यांच्या दफ्तराबरोबर मोडी लिपी इकडे आली. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी दुर्ग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच राहिले. त्यामुळे कारकून, वकील, शिक्षक मराठी असणे येथे नवलाचे नव्हते. १९५५ च्या करारानंतर पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा आलेले मराठी कुटुंब निराळे होते. त्यांतला फिटर, क्रेनचालक वा फौंड्रीतला माणूस दल्ली-राजहऱ्याच्या लोहदगडाच्या तांबड्या धुळीने माखून घरी परते. त्याला पांढरपेशा म्हणणे म्हणजे धोब्याची थट्टा करणे होय! तसेच, ज्या जमिनीवर कारखाना व वसाहत उभी राहिली तेथेही पूर्वी गावे होती. त्या गावांच्या वस्तीवरून आपले रस्ते गेले आहेत, ही गोष्ट मंडळाच्या इतिहासात कोणी लिहीत नाही. म्हणून येथे लिहून ठेवतो.

छत्तीसगडी शेतकऱ्याने मातीला स्वतंत्र नावे दिली आहेत. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंच्या मधली डोरसा, आणि तांबडी मुरमाड ती भाठा. सरकारी कागदात राहत्या जागेला आबादी म्हणतात. रंगाचे नाव तिला नाही. पण येथील घराच्या भिंती दिवाळीपूर्वी ज्या पांढऱ्या मातीने सारवतात तिला छुही म्हणतात, आणि ताज्या छुहीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना गावाकडची पांढरी आठवल्यावाचून राहत नाही. दुर्ग जिल्ह्यातच, पाटण तहसिलीत खारून नदीच्या काठी तरीघाट येथे जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. २०१२-१३ च्या सुमारास राज्याच्या पुरातत्त्व विभागाने तेथे उत्खनन केले, आणि दोन हजार वर्षांहून जुन्या काळातील नगराचे अवशेष मिळाले. मंडळाच्या सहली दरवर्षी धबधब्याकडे जातात. एक वर्ष तरीघाटला जाण्यास हरकत नसावी.

आता आरंभी म्हटलेल्या कागदाकडे येतो. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू केली, ती महसुलासाठी. महसूल काळीचा; म्हणून काळीचे बांध, क्षेत्र, आकार सारे मोजले गेले, आणि त्यातून पुढे सातबारा निघाला. पांढरीवर धारा नव्हता, म्हणून काही मोठी गावे सोडल्यास गावठाणाच्या आत कोणते घर कोणाचे आणि किती, हे फारसे कोणी मोजलेच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण तो कर आकारणीसाठी. मालकीचा तो पुरावा नव्हे. म्हणजे ज्या जागेने गावाला नाव दिले, तीच जवळजवळ दोनशे वर्षे कागदावाचून राहिली. आजोबांचे शेत कोणते ते सातबारा सांगतो. आजोबांचे घर कोणते ते शेजारी सांगतात, आणि तेही जिवंत असेपर्यंत.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. तिच्यात भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने गावठाणांची मोजणी करतो आणि घरमालकास मिळकत पत्रिका मिळते. त्यापूर्वी पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे या पद्धतीचा प्रयोग झाला होता. काम कचेरीचे असल्यामुळे त्यातील एक पायरी मी आवर्जून सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांची घरे साताऱ्याकडे, अमरावतीकडे, भंडाऱ्याकडे कुलूपबंद पडलेली आहेत. ड्रोन उडण्यापूर्वी गावात ठरलेल्या दिवशी प्रत्येक घराची हद्द दाखवावी लागते. भावकी, शेजारी आणि ग्रामसेवक यांच्यासमक्ष जो हजर असेल तो आपली हद्द सांगतो; जो हजर नसेल त्याच्या वतीने कोणीतरी दुसराच सांगतो. मग त्या जुन्या पांढरीवर चुन्याची पांढरी रेघ ओढतात, आणि वरून फोटो निघतो.