न उडालेला बार

तारीख ३० मे १८४१. चीनमधील कँटन शहराच्या उत्तरेस तेव्हां सान्युआन्ली नांवाचें खेडें होतें. त्या दिवशीं तेथील भातखाचरांवर विजा कडाडत होत्या आणि मुसळधार पाऊस कोसळत होता. अफूच्या पहिल्या युद्धाचे ते दिवस. जनरल गफ याच्या फौजेंतील सदतिसाव्या मद्रास पायदळाची एक तुकडी, म्हणजे साठ-एक शिपाई आणि त्यांचे गोरे अंमलदार, या पावसांत मुख्य सैन्यापासून तुटून पडली. बांध कोणता आणि वाट कोणती हें दिसेना. भोंवतीं संतप्त खेडुतांचा मोठा जमाव लोटला. त्यांच्या हातांत लांब भाले होते, कोयते होते. शिपायांनीं बंदुका खांद्याला लावल्या, चाप ओढले. पण बार उडेनात.

श्रोते हो, इतकीं वर्षें शाळेंत इतिहास शिकवितांना मीं मुलांकडून सेनापतींचीं नांवें, सालें आणि तह घोकून घेतले. बंदूक उडाली कीं नाहीं, आणि नसल्यास कां नाहीं, हें विचारण्याचें मलाहि सुचलें नव्हतें. आज तेंच सांगावयाचें आहे.

त्या शिपायांच्या हातीं चकमकीची बंदूक होती. तिच्या घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा घट्ट बसविलेला असे. चाप ओढतांच घोडा पुढें झेप घेई, गार एका पोलादी पट्टीवर घांसली जाई आणि ठिणग्या खालच्या लहानशा वाटींतील रंजकावर पडत. रंजक भडके, त्याची ज्वाला नळीच्या कानांतून आंत शिरे, आणि मग आंतील मुख्य दारू पेटून गोळी सुटे. एका बारासाठीं अग्नीला इतके टप्पे ओलांडावे लागत, आणि त्यांतील प्रत्येक टप्प्यावर दगा होण्याचा संभव. गारेची धार बोथट झाली कीं ठिणगी पडत नसे. पट्टीचें पोलाद झिजलें तरी तेंच. कानांत दारूची काजळी सांठली तर रंजक मात्र भकदिशी उडून जाई आणि आंतला बार जागच्या जागीं राही. शिपायाच्या डोळ्यांपुढें धूर, आणि शत्रु जसाच्या तसा उभा! या साऱ्या खोडी सुईनें, फडक्यानें किंवा नवी गार बसवून दूर करतां येत. पावसाला मात्र औषध नव्हतें. वाटीवर झांकण असे खरें. पण बार काढण्यासाठीं तें उघडावें तर लागणारच. रंजक एकदां भिजलें कीं त्याचा चिखल होई.

आपल्याकडे त्याहून जुनी तोड्याची बंदूक फार दिवस टिकली. जळती वात थेट रंजकावर टेकविली जात असल्यामुळें तिला गारेची गरज नव्हती. पण पाऊस तिचाहि वैरीच. पावसाळ्यांत मोहिमा थांबवून दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याची मराठ्यांची जी चाल, तिचीं मुख्य कारणें नद्यांचे पूर आणि चिखलाच्या वाटा हींच होत. तरीहि भिजणाऱ्या रंजकाचा त्यांत थोडा वांटा असावा, असें मला वाटतें.

या व्याधीवरचें औषध शोधून काढलें तें कोणा सेनापतीनें नव्हे. स्कॉटलंडमध्यें ॲबर्डीन परगण्यांत बेलहेल्वी म्हणून गांव आहे. तेथील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ याला पाणपाखरांच्या शिकारीचा नाद होता. रंजक भडकल्यापासून गोळी सुटेपर्यंत जो क्षणाचा अवधि जाई, तेवढ्यांत पांखरें उजेडानें सावध होऊन निसटत. ठिणगीवांचून केवळ आघातानें पेटणारीं द्रव्यें रसायनशास्त्रज्ञांना त्या वेळीं नुकतींच ठाऊक झालीं होतीं. त्यांवर प्रयोग करून या गृहस्थानें, घोड्याचा हातोडा पडतांच पेट घेणारी नवी कळ १८०५ च्या सुमारास तयार केली. लॉर्ड मॉयरा हा तेव्हां तोफखान्याच्या खात्याचा मुख्य होता. त्यानें फोर्सिथला लंडनच्या टॉवरमध्यें प्रयोगासाठीं जागा दिली. परंतु १८०७ सालीं लॉर्ड चॅटॅम अधिकारावर आला, आणि त्यानें या पाद्रीबोवास आपलें सामान आवरून चालतें व्हावयास सांगितलें. नेपोलियनशीं युद्ध ऐन भरांत असतां हा शहाणपणा! त्याच वर्षीं एप्रिलमध्यें फोर्सिथनें पेटंट घेतलें, आणि त्याची कळ लष्कराऐवजीं शिकाऱ्यांच्या बंदुकांवर चढूं लागली.

पुढें तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे आपण जिला केप म्हणतों ती, प्रचारांत आली. तिच्या जनकत्वाबद्दल हक्क सांगणारे अनेक आहेत. त्या भांडणांत आपण शिरावयास नको. स्फोटक द्रव्य टोपीच्या आंत झांकलेलें राहत असल्यामुळें वारा-पावसाची भीति पुष्कळच कमी झाली.

सरकारला हें पटावयास १८३४ साल उजाडलें. वुलिच येथें दोन्ही प्रकारच्या बंदुकांची परीक्षा झाली व प्रत्येक प्रकारच्या सहा हजार बारांची मोजदाद ठेवण्यांत आली. चकमकीच्या बंदुकींचे ९२२ बार उडाले नाहींत. टोपीच्या बंदुकींचे अवघे ३६. म्हणजे शंभर शिपायांनीं एकदम चाप ओढला तर जुन्या तऱ्हेंत पंधरांच्या बंदुका मुक्या राहत. नव्या तऱ्हेंत हजारांत सहांच्या. ज्यांना हिशेब कळतो त्यांना याहून अधिक पुरावा नको. तरीहि सात वर्षांनंतर मद्रासचे शिपाई चीनच्या पावसांत उभे राहिले ते गारेच्याच बंदुका घेऊन. नवीं हत्यारें आधीं गोऱ्या पलटणींस मिळावींत आणि काळ्यांनीं जुन्यांवर भागवावें, ही रीत त्या काळीं कोणाला खटकलीहि नसेल.

शिपायांनीं संगिनी चढवून चौकोन केला आणि धीर न सोडतां ते उभे राहिले. खेडुतांचे भाले संगिनींहून लांब होते. या झटापटीचा एक तपशील तत्कालीन वृत्तांतांत सांपडतो. एका शिपायाच्या हातून पडलेली बंदूक एका चिन्यानें उचलली, तिच्या वाटींत कोरडें रंजक घातलें आणि स्वतःजवळच्या जळत्या तोड्यानें ती पेटवून एका अंमलदारावर झाडली. त्याचा हात जायबंदी झाला. बंदुकींत दोष नव्हता, आंतली दारूहि शाबूत होती. अडलें होतें तें केवळ पेटण्यापाशीं.

तुकडी परत आली नाहीं असें पाहून गफनें आरमारी शिपायांच्या दोन तुकड्या तिच्या शोधार्थ पाठविल्या. त्यांच्याजवळ टोपीच्या बंदुका होत्या. अंधार पडल्यावर त्यांना तो चौकोन सांपडला. त्याच पावसांत त्यांच्या बंदुका धडाधड उडाल्या आणि जमाव पांगला. मद्रासी शिपायांपैकीं एक मारला गेला, बरेच जखमी झाले. बाकीचे जिवंत परतले.

फोर्सिथ त्या वेळीं आपल्या खेड्यांतच होता, सत्तरी उलटलेला. १८४२ सालीं सरकारनें त्याला दोनशें पौंड दिले. पुढच्या वर्षीं जून महिन्यांत तो वारला, आणि त्यानंतर मंजूर झालेले हजार पौंड त्याच्या तीन नातलगांत वांटले गेले.