जावामध्ये स्ट्रिंग कशा जोडतात? साध्या अधिक चिन्हामागचे गणित

प्रोग्रामिंगच्या भाषेत अक्षरे, अंक आणि चिन्हे यांच्या सलग मालिकेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. ॲप उघडल्यावर दिसणारे ‘नमस्कार, सीमा’ हे वाक्य बहुधा दोन स्ट्रिंग जोडून बनलेले असते: एक ठरलेला मजकूर आणि दुसरे वापरकर्त्याचे नाव. या जोडणीला ‘कॉन्कॅटिनेशन’ म्हणतात. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेल्या जावा या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत त्यासाठी अनेक पर्याय आहेत.

अधिक चिन्ह: सोपे, पण फसवे

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे अधिक (+) चिन्ह. मात्र हेच चिन्ह बेरजेलाही वापरले जाते आणि जावा हिशोब डावीकडून उजवीकडे करते. त्यामुळे ‘एकूण रुपये: ’ + १०० + ५० असे लिहिले, तर बिलावर १५० ऐवजी १००५० छापले जाते! डावीकडे एकदा मजकूर आला की पुढची संख्याही मजकूर म्हणूनच चिकटते. १०० + ५० कंसात लिहिले की आधी बेरीज होते आणि उत्तर बरोबर येते.

स्ट्रिंग कधीच बदलत नाही

जावातील स्ट्रिंग एकदा तयार झाली की तिच्यात बदल करता येत नाही. जोडणी करताना जुनी स्ट्रिंग लांब होत नाही, तर दोन्हींची नक्कल करून तिसरीच स्ट्रिंग तयार होते. एक-दोन वेळा याने काही बिघडत नाही. पण लूपमध्ये १०,००० वेळा एकेक अक्षर जोडले, तर दर वेळी आधीचा सगळा मजकूर पुन्हा उतरवला जातो. ही नक्कल एकूण सुमारे ५ कोटी अक्षरांची होते. प्रोग्राम मंदावतो तो इथेच.

स्ट्रिंगबिल्डर कशासाठी?

यावरचा उपाय म्हणजे २००४ मध्ये जावा ५ सोबत आलेला ‘स्ट्रिंगबिल्डर’. तो मजकुरासाठी जादा जागा राखून ठेवतो आणि नवा तुकडा तिथेच जोडतो. जागा संपली की ती साधारण दुप्पट करतो. त्यामुळे प्रत्येक वेळी नक्कल करावी लागत नाही. त्याच्या आधीपासून असलेला ‘स्ट्रिंगबफर’ हेच काम करतो. अनेक थ्रेड एकाच वेळी वापरत असतील तर तो सुरक्षित असतो, पण त्या काळजीमुळे थोडा संथ पडतो.

कधी काय वापरावे?

एका ओळीतील दोन-चार तुकड्यांसाठी अधिक चिन्ह पुरेसे आहे. मजकूर लूपमध्ये वाढत जाणार असेल तर स्ट्रिंगबिल्डर वापरावा. नावांच्या यादीत मध्ये स्वल्पविराम हवा असेल तर २०१४ च्या जावा ८ पासून ‘जॉइन’ ही पद्धत उपलब्ध आहे. नाव रिकामे, म्हणजे ‘नल’ असेल तर तेही आधी तपासावे. नाहीतर अधिक चिन्ह मुकाट्याने ‘नमस्कार, नल’ असा मजकूर जोडून मोकळे होते आणि तो थेट ग्राहकाच्या स्क्रीनवर झळकतो.