रकाना कुणी आखला

वाचकहो, ‘बिग डेटा’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आणि नातवंडांच्या तोंडून एव्हाना तुमच्यापर्यंत आला असेल. त्याच्यामागून मेटाडेटा, स्कीमा, क्लीनिंग, हडूप अशी वरातच येते आणि आपण बुजतो. बुजायचे कारण नाही. यांतली बरीच कामे आपल्याकडे संगणकाच्या आधीपासून चालू आहेत, आणि त्यांतले एक तर आपल्या जोयड्याच्या बोलीवरच झाले.

दुकानातली रोजकीर्द म्हणजे कच्चा डेटा. जसे घडले तसे, त्याच क्रमाने लिहिलेले. तीच नोंद नावावार खतावणीत गेली की तिला रचना येते. खतावणी आखताना डोक्यात जो आराखडा असतो, तो स्कीमा. नोंद कुणी, कधी, कशासाठी केली ही माहिती म्हणजे मेटाडेटा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. रुमालाची ओळख पटवणारी चिठ्ठी हा त्याचा मेटाडेटा. ती गळाली की कागद असूनही नसल्यासारखा. इंडेक्स म्हणजे शोधसूची. आमच्या होमिओपॅथीत बोनिंगहाउसेनची रेपर्टरी 1832 मध्ये निघाली. लक्षण काढा, त्याखाली औषधांची नावे तयार. आम्ही डॉक्टर तेव्हापासून इंडेक्सवरच जगतो आहोत.

2001 मध्ये डग लेनी यांनी प्रचंड डेटाची तीन अंगे सांगितली: व्हॉल्यूम म्हणजे रास, व्हेलॉसिटी म्हणजे येण्याचा वेग, व्हरायटी म्हणजे नाना प्रकार. पुढे लोकांनी व्हेरॅसिटी, म्हणजे खरेपणा, चौथी म्हणून जोडली. मला विचाराल तर ती पहिली हवी होती.

एवढी रास एका जागी मोजता येत नाही. 1901 च्या जनगणनेत आपल्या देशात माणशी एक चिठ्ठी करण्याची पद्धत आली. चिठ्ठ्या लावायच्या, गठ्ठे करायचे, गठ्ठे मोजायचे, आणि ठिकठिकाणच्या बेरजा वर पाठवून तिथे एक करायच्या. गूगलच्या दोघा अभियंत्यांनी 2004 मध्ये मॅपरिड्यूस नावाने मांडलेली युक्ती जातीने हीच. काम वाटा, जागच्या जागी लावा, शेवटी बेरजा जुळवा. ते काम शेकडो यंत्रांवर करून घेणारी प्रणाली म्हणजे हडूप. हे नाव तिच्या कर्त्याच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचे! शब्द ऐकून घाबरणाऱ्यांनी तो हत्ती आठवावा.

आता घरचे उदाहरण. आपला तालुका जुन्या कागदांत जोयडा नाही, सुपा आहे. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडाले, कचेऱ्या जोयड्याला आल्या, तालुक्याचे नावही बदलले. जिल्हा 1862 मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला. जुने आकडे ‘जोयडा’ नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही. दोन तक्त्यांना जोडणाऱ्या खुणेला ‘की’ म्हणतात. इथे ती किल्लीच पाण्याखाली गेली.

पण नावापेक्षा मोठा घोळ भाषेच्या रकान्याचा. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 साली, कोंकणी मराठीची बोली म्हणून आली. सीमावादात महाराष्ट्राने कारवार, हल्याळ आणि सुपा यांवर दावा सांगितला, तेव्हा सगळा हिशेब याच प्रश्नाला अडला: घरात कोंकणी बोलणारा माणूस मराठीत मोजायचा की वेगळा? महाजन आयोग 1966 मध्ये नेमला गेला, 1967 मध्ये अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि सुपा जिथे होता तिथेच राहिला. पुढे 1975 मध्ये साहित्य अकादमीने आणि 1992 मध्ये आठव्या परिशिष्टाने कोंकणीला स्वतंत्र स्थान दिले. मी इथे कुणाची वकिली करत नाही. एवढेच पाहा, की माणसे तीच, जिभेवरचे शब्द तेच. रकाना बदलला की बहुमत बदलते. घरात कोंकणी आणि पत्र मराठीत, अशी आपल्याकडची कितीतरी घरे. एकच खूण करू देणाऱ्या रकान्यात ती मावत नाहीत.

यालाच जोडून डेटा क्लीनिंग हा शब्द समजून घ्या. 2011 च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची 19,569 नावे सांगितली. ती पडताळून, एकासारखी एक जुळवून 1,369 मातृभाषा ठरल्या. दहा हजार किंवा त्याहून जास्त बोलणारे असलेल्या 121 भाषा शेवटच्या तक्त्यात आल्या. ही झाडपूस केल्यावाचून तक्ता वाचता येणार नाही, हे खरे. पण झाडताना काय उडाले, हे ज्याचे उडाले त्यालाच कळते. कुणब्यांचेच घ्या. गोव्यातले कुणबी 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. सीमेच्या अलीकडचे, आपल्या जोयड्यातले कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षे करत आले आहेत. इथला रकाना निराळा, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्जही निराळा.

2027 च्या जनगणनेची अधिसूचना जून 2025 मध्ये निघाली आहे आणि ही मोजणी मोबाईलवर व्हायची आहे. मातृभाषेबाबतचा नियम जुनाच आहे: लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती, आणि सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहायचे, ती भाषा की बोली, हे ठरवण्याचा अधिकार गणकाला नाही. तेव्हा गणक दारात आला की उत्तर सांगून मोकळे होऊ नका. पडद्यावर काय उमटले, ते त्याला वाचून दाखवायला सांगा.