प्रस्तावना: व्होल्ट आणि अँपिअर हाती आल्यावर

विद्युतशास्त्रात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दोन सूत्रं भेटतात. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, गुणलं की शक्ती. गणित इतकं सोपं, की बहुतेक जण ते पाठ करून पुढे सरकतात. तुम्ही मात्र इथे थोडं रेंगाळावं, असं मला मनापासून वाटतं.

गीझरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॉट असं छापलेलं असतं. म्हणजे करंट ८.७ अँपिअर आणि रोध सुमारे २६.५ ओहम. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर उतरलं, तरी कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो. करंट ६.८ वर येतो आणि शक्ती उरते सव्वाबाराशे वॉट. व्होल्टेज जेमतेम वीस-बावीस टक्के घटलं, शक्ती मात्र चाळीसच्या घरात. व्होल्टेजबरोबर करंटही पडतो आणि गुणाकाराला मार दोन्हीकडून बसतो.

व्होल्टेज, करंट आणि रोध यांचं हे नातं सिद्ध करायला गेऑर्ग ओहमला केवढी खटपट करावी लागली! कुलूपकाराचा हा मुलगा जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवत होता. तेव्हाच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच ढळायचं, मग मोजमापावर भरवसा कसा ठेवायचा? पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. अशा जोडीचं व्होल्टेज दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं; तो फरक पक्का, म्हणून व्होल्टेजही पक्कं. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडायच्या आणि टांगलेली चुंबकसूची पुन्हा मूळ जागी आणायला तिचा आधार किती पिळावा लागतो ते टिपायचं. १८२७ साली पुस्तक निघालं, त्याचं स्वागत थंडच झालं. रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळायला १८४१ उजाडलं. मला या कथेत पदकापेक्षा ते बर्फाचं भांडं मोलाचं वाटतं. भागाकार करण्याआधी ओहमने एक राशी स्थिर करून घेतली होती.

ही शिस्त सुटली की काय होतं, ते जुन्या पिवळ्या बल्बवर पाहा. ६० वॉटच्या बल्बचा रोध हिशेबाने ८८२ ओहम येतो. तोच बल्ब काढून मल्टीमीटर लावा, काटा साठ-सत्तरवरच थांबेल. मीटर बिघडलेलं नाही आणि सूत्रही चुकलेलं नाही. पेटलेली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेली असते आणि गार तारेचा रोध कितीतरी कमी असतो. रोध सांगताना तो कोणत्या अवस्थेतला, हे सांगायलाच हवं.

शेतीपंपाची गोष्ट आणखी वेगळी. व्होल्टेज पडलं की भाराखालची मोटर करंट कमी करत नाही, उलट जास्त खेचते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीच्याही वर जाते आणि मोटर जळते. इथे गीझरचा हिशेब लावून चालत नाही. मोटरच्या दोन टोकांवर मोजलेले व्होल्ट आणि अँपिअर नुसते गुणले, तर ती प्रत्यक्षात घेते त्याहून जास्त वॉट हाती येतात, कारण प्रत्यावर्ती प्रवाहात दोघांच्या लाटा एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. त्यासाठी पॉवर फॅक्टर शिकावा लागतो, आणि तो शिकण्याआधी बल्ब-गीझरवरचे हे साधे हिशेब स्वतःच्या हाताने करून पाहायला हवेत.