वाटेवरचा मुलूख: शहापूर-मुरबाडच्या घरांत सिनेमा कसा पोहोचला

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके इतिहासात प्रामुख्याने वाट म्हणून ओळखले गेले. सातवाहनांच्या काळात बंदरांवरचा माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, ती शहापूर तालुक्यातील आसनगाव, खर्डी, कसारा या टप्प्यांवरून. १८९२ पासून तानसा तलावाचे पाणी याच तालुक्यातून मुंबईकडे वाहू लागले. माल, माणसे, पाणी हे सारे येथून गेले. येथे थांबले फार थोडे. चित्रपटाचीही कथा बरीचशी अशीच आहे आणि ती आजच्या ‘स्ट्रीमिंग’पर्यंत येऊन पोहोचते.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. म्हणजे नाशिकला तयार झालेला चित्रपट मुंबईच्या पडद्यापर्यंत न्यायचा, तर वाट कसाऱ्यावरूनच होती. भारतीय सिनेमाच्या बाल्यावस्थेतील कितीतरी रिळे या तालुक्याच्या उशाशी प्रवास करत राहिली. परंतु ती पाहण्यासाठी येथील माणसाला मुंबई किंवा नाशिक गाठावे लागे.

खेड्यांत सिनेमा आला तो यात्रेबरोबर. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे मोठी यात्रा आणि बैलबाजार भरतो. महाराष्ट्रातील अशा यात्रांच्या हंगामावर तंबू सिनेमाचे, म्हणजे टुरिंग टॉकीजचे, सारे गणित उभे होते. मालमोटारीत प्रक्षेपक, मोठाले कर्णे, पत्र्याच्या डब्यांतील रिळे. अंधार पडला की कापडी कनातीत खेळ सुरू. प्रेक्षक जमिनीवर बसे, रीळ तुटले तर शिट्ट्या वाजत. या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्या व्यवस्थेचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे: कोणता चित्रपट, कोणत्या रात्री, हे यात्रेचे पंचांग आणि तंबूचा मालक ठरवत असे. प्रेक्षकाच्या हाती फक्त तिकीट.

घराच्या चार भिंतींत सिनेमा शिरण्याची खरी सुरुवात २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्याने झाली. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट, हा कार्यक्रम पुढे अनेक वर्षे महाराष्ट्रातील घरांचे वेळापत्रकच होऊन बसला. परंतु वरळीचा मनोरा आणि हे तालुके यांच्यामध्ये सरळ रेषेत सुमारे ६५ ते ७५ किलोमीटरचे अंतर आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत धावतात, डोंगर आला की अडखळतात. त्यामुळे उंच बांबूवर ॲल्युमिनियमचा अँटेना बांधायचा, त्याचे तोंड नैर्ऋत्येकडे, मुंबईच्या दिशेला, वळवायचे, आणि कौलांवर चढलेल्या मुलाला खालून ओरडून विचारायचे की अजून किती फिरवू! एवढे करूनही पडद्यावर मुंग्या दिसत. माहुलीसारख्या डोंगराच्या आडोशाला वसलेल्या पाड्याला तर वाराही अनुकूल नाही आणि लहरीही नाहीत. वीज नसलेल्या ठिकाणी कृष्णधवल छोटा संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चाले. चित्रपट संपण्यापूर्वी बॅटरी संपू नये, एवढीच सर्वांची प्रार्थना.

१९८० च्या दशकात व्हिडिओ आला आणि निवडीचा पहिला घास प्रेक्षकाला मिळाला. सत्यनारायण, गणपती किंवा लग्नाची हळद, असे निमित्त काढून वर्गणी जमा होई, दूरचित्रवाणी संच व व्हीसीआर भाड्याने येई आणि अंगणात रात्रभर तीन-तीन चित्रपट चालत. कॅसेट तालुक्याच्या गावाहून किंवा कल्याणहून आणायची. इतिहासाच्या पुस्तकांत या रात्रींना जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी, कारण ‘आज हाच सिनेमा लावा’ असे म्हणण्याचा अधिकार गावाने पहिल्यांदा तेव्हा वापरला.

केबलने शहरे व्यापली, पण पांगलेल्या पाड्यांपर्यंत तार ओढणे व्यवसायाला परवडणारे नव्हते. तेथे क्रांती केली ती छतावरच्या तबकडीने. १६ डिसेंबर २००४ रोजी प्रसार भारतीची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू झाली. तीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. तबकडी आणि सेट-टॉप बॉक्स एकदा विकत घेतला की मासिक शुल्क नाही. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. येथून पाहता तो आग्नेयेला, क्षितिजापासून पन्नास अंशांहून अधिक वर असतो; त्यामुळे पूर्वेला सह्याद्रीचा कडा उभा असूनही तो फारसा आड येत नाही. अँटेनाचे तोंड मुंबईकडून आकाशाकडे वळले आणि एक विलक्षण गोष्ट घडली: दादरची सदनिका आणि मुरबाडचा पाडा सिनेमाच्या दृष्टीने समान अंतरावर आले. उपग्रहाला एक घर पाहते की एक कोटी, याने फरक पडत नाही.

स्ट्रीमिंगने हेच समीकरण उलटवले.

वरवर पाहता ही पुढची पायरी आहे. हॉटस्टार २०१५ मध्ये सुरू झाले, ६ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने मोबाइल डेटा स्वस्त केला. चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी चित्रपट ‘द डिसायपल’ व्हेनिसमध्ये गाजून ३० एप्रिल २०२१ रोजी थेट नेटफ्लिक्सवर आला. घरी आरंभ करणेही सोपे: स्मार्ट टीव्ही, किंवा साध्या एलईडी संचाच्या एचडीएमआय खाचेत बसणारी छोटी ‘स्टिक’, वायफाय अथवा फोनचा हॉटस्पॉट, आणि एक खाते. तंबूच्या मालकाची सत्ता अखेर प्रेक्षकाच्या रिमोटवर आली.

मात्र यात चित्रपट सर्वांसाठी एकदम प्रसारित होत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत चिरलेला, कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रतींत दूरच्या संगणकावर ठेवलेला असतो. प्रत्येक घर आपला तुकडा स्वतंत्रपणे मागवते आणि तो त्या घराच्या स्वतःच्या जोडणीतून यावा लागतो. वेग घसरला की धूसर तुकडा येतो, आणखी घसरला की गोल चक्र फिरत राहते. म्हणून जमीन, डोंगर आणि अंतर पुन्हा महत्त्वाचे झाले. फायबर बाजारपेठेत आणि रस्त्याच्या कडेला लवकर पोहोचते. ‘भारतनेट’ची मूळ योजनाही ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याची होती, पाड्यातील घरापर्यंत नव्हे. मग उरतो मोबाइलचा मनोरा, आणि तोही डोंगराआड गेला की वरळीच्या जुन्या मनोऱ्यासारखाच निरुपयोगी.

हिशेबही पाहावा. उच्च दर्जाचे चित्र मोठ्या पडद्यावर पाहताना तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खर्च होऊ शकतो. दिवसाला दीड किंवा दोन जीबीचे रिचार्ज असलेल्या कुटुंबाचा सिनेमा अशा वेळी मध्यंतरापर्यंतही जात नाही. पूर्ण एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस वेग सुचवते. भारतात २०२३ मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस वेगाची जोडणी ‘ब्रॉडबँड’ ठरते. म्हणजे कागदोपत्री ब्रॉडबँड असलेले घरही स्वच्छ चित्रापासून वंचित राहू शकते.

लोकांनी यावर आपला तोडगा काढला, तो मोठा रंजक आहे. बाजाराच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह ‘भरून’ आणायचा आणि टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावायचा. कायद्याच्या दृष्टीने हा व्यवहार बहुधा चोरीचाच. पण हा तर रिळांचा डबाच, फक्त खिशात मावणारा! अधिकृत ॲपमधली ‘डाउनलोड’ची सोयही तीच युक्ती कायदेशीरपणे करते: जेथे जोडणी चांगली, तेथे सिनेमा उतरवून घ्यायचा आणि घरी नेऊन पाहायचा. मात्र तो उतरतो फोनवर, आणि मोठ्या पडद्यावर आणण्याची मुभा प्रत्येक ॲप देतेच असे नाही.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातून जातो. या मुलखातील अनेक घरांत आज एकाच टीव्हीला दोन वाटा जोडलेल्या दिसतात. रोजच्या मालिकांसाठी छतावरची तबकडी, आणि एखाद्या रविवारी, सर्वांच्या फोनमधला उरलेला डेटा एकत्र मोजून, स्टिकवरचा सिनेमा.