परागज्वर, जपानमधील
वसंत ऋतूत सुगी (क्रिप्टोमेरिया जॅपोनिका) या सूचिपर्णी वृक्षाच्या परागकणांमुळे होणारा ॲलर्जीजन्य विकार. शिंका, नाक वाहणे वा चोंदणे आणि डोळ्यांना खाज सुटणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेसुमार तोडीने उजाड झालेल्या डोंगरांवर नंतरच्या दोन दशकांत इमारती लाकडासाठी सुगीची विस्तृत लागवड करण्यात आली. पुढे स्वस्त आयात लाकडामुळे तोड मंदावली व वाढत्या वयाबरोबर अधिक पराग देणारे वृक्ष तसेच उभे राहिले. निक्को परिसरातील रुग्णांवरून होरिगुची व साइतो यांनी १९६४ मध्ये या विकाराचे वर्णन केले. २०१९ मध्ये कान-नाक-घसा तज्ञ व त्यांचे कुटुंबीय यांच्या देशव्यापी पाहणीत त्याचे प्रमाण सु. ३९% आढळले.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मुखपट्टी व चष्मा वापरणे, घरात येण्यापूर्वी कपडे झटकणे आणि परागकाळाच्या प्रारंभीच हिस्टामीनरोधी औषधे सुरू करणे हे उपाय रूढ आहेत. जिभेखाली परागसार ठेवण्याची चिकित्सा २०१४ पासून उपलब्ध झाली. ती काही वर्षे नियमित घ्यावी लागते. मूळ कारण मात्र वनांतच असल्याने शासनाने २०२३ मध्ये सुगीची लागवड दहा वर्षांत २० टक्क्यांनी घटविण्याचे व तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरविले.